कारपूलमधला उमेदवार

रोज सकाळी आमच्या गाडीतून ऑफिसला जाणारा माणूस पुढे एका देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला, असं मी सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग खात्री करून घ्यायला माझ्या नवऱ्याकडे. नवऱ्याने मान डोलावली की त्यांना पटतं. माझ्या एकटीच्या शब्दाला किंमत नाही. असो.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. आम्ही वॉशिंग्टनजवळच्या उपनगरात राहत होतो. तिथल्या हायवेवर कारपूलसाठी वेगळी लेन होती. गाडीत चार माणसं असली तर त्या लेनमधून भुर्रकन निघून जायचं, तीन असली तर बाकीच्यांबरोबर रखडायचं. नवरा, मी, माझे साहेब आणि शेजारचा एक इंजिनियर अशी आमची चौकडी होती. इंजिनियर बदली होऊन टेक्सासला गेला आणि चौथी सीट रिकामी झाली. नेमके त्याच सुमारास माझे सासरे साताऱ्याहून आले होते. हायस्कूलचे रिटायर्ड हेडमास्तर. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. "इथं रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नाही गं," असं दिवसातून दहादा म्हणायचे. नवरा म्हणाला, "बाबा, तुम्ही बसा गाडीत. तेवढीच तुमची करमणूक आणि आमची लेन." मामंजी कोट-टोपी घालून चौथ्या सीटवर बसले. दिवसभर म्युझियमं हिंडायचे आणि संध्याकाळी आमच्याबरोबर परत.

साहेब म्हणजे डॉक्टरेट मिळवलेले अर्थतज्ज्ञ. गरीब देशांना कर्ज आणि सल्ला देणाऱ्या एका मोठ्या संस्थेत ते विभागप्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली आकडेमोड करणारी असिस्टंट. त्यांचा देश मध्य अमेरिकेतला, नकाशावर बोट ठेवलं तर झाकला जाईल एवढा. माणूस हुशार, सज्जन आणि बोलायला लागला की झोप आणणारा. "अमुक केलं तर तमुक होईल, पण तेही इतर सर्व गोष्टी स्थिर राहिल्या तरच." अहो, इतर गोष्टी कधी स्थिर राहतात का? उंटावरून शेळ्या हाकणारी आमची जातच तशी. आमची म्हणते कारण मीही पुण्याहून अर्थशास्त्रात एम.ए. करून आले होते आणि मलाही त्या उंटावर बसायचं होतं.

आता माझं दुखणं सांगते. साहेबांच्या शिफारशीने मला पीएच.डी.ला प्रवेश मिळाला होता. क्लास संध्याकाळचे. मुलगी चार वर्षांची. दिवसभर तिची शाळा, पण संध्याकाळी कोण बघणार? नवऱ्याचं काम असं की घरी कधी पोचेल ते त्यालाही माहीत नसायचं. मामंजी महिन्याभरात परत जायचे होते, तिकीट झालेलं होतं. आणि राहिले असते तरी काय, ज्या माणसाने उभ्या आयुष्यात गॅस पेटवला नाही त्याला सुनेने कोणत्या तोंडाने सांगायचं, की मामंजी, मुलीला जेवायला घाला, मी शिकायला जाते? मी सांगितलंच नाही. युनिव्हर्सिटीला नाही म्हणून कळवायचं असं ठरवून टाकलं, कारणासकट फक्त साहेबांच्या कानावर घातलं आणि रोज स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिले.

एका सकाळी साहेब गाडीत बसले आणि सीटबेल्ट लावता लावता म्हणाले, "माझ्या देशातले लोक मला निवडणुकीला उभा राहा म्हणतायत. राष्ट्राध्यक्षपदासाठी."

नवऱ्याने रेडिओ बंद केला. मी म्हटलं, "आणि तुमची बायको काय म्हणते?" ते म्हणाले, "बोलत नाहीये."

मागून मामंजी त्यांच्या क्रमिक पुस्तकातल्या इंग्रजीत म्हणाले, "डॉक्टर, मीही उभा होतो. नगरपालिकेला. पडलो. त्यामुळे कसं उभं राहू नये ते मला पक्कं ठाऊक आहे."

झालं! त्या दिवसापासून आमच्या गाडीचं प्रचार कार्यालय झालं. हायवेला लागलो की मामंजी मतदार व्हायचे. "डॉक्टर, मी गरीब माणूस. माझ्या नळाला पाणी कधी येणार?" साहेब सुरू करायचे, परकीय गंगाजळी, गुंतवणुकीचं प्रमाण, व्याजदर. नमनाला घडाभर तेल. पोटोमॅक नदीवरचा पूल आला तरी पाणी नळापर्यंत पोचलेलं नसायचं. "पडलात!" मामंजी सीटवर थाप मारून म्हणायचे. नवरा वैतागायचा. "बाबा, यार, मला ट्रॅफिक रिपोर्ट ऐकू द्या." पण मला मजा वाटायला लागली. मीही प्रश्न विचारायची. मका महाग का, साखर बाहेर जाते मग आमच्या हातात काय येतं? साहेब एकदा वळून म्हणाले, "हे प्रश्न तू तिकडे क्लासमध्ये विचारायला हवेत." मी खिडकीबाहेर बघितलं. मामंजींनी ते ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

मामंजींचा सल्ला होता, की मागेल त्याला हो म्हणा. पाणी? हो. रस्ता? हो. मुलाला नोकरी? हो तर! साहेब नाही म्हणायचे. एका सकाळी त्यांनी नळाचं उत्तर असं दिलं: "तुमच्या गल्लीत पहिल्या वर्षी पाणी येणार नाही. आधी कुठे येणार आणि का, हे तुमच्या दारात येऊन मीच सांगेन. तुम्ही मला शिव्या द्या, मी ऐकून घेईन."

मामंजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "उत्तर उत्तम आहे. पण खरं बोलून कुणी निवडून येत नसतं. डॉक्टर, तुम्ही पडणार."

उभं राहायचं ठरवून साहेबांनी नोकरीचा राजीनामा दिल्यावर आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांना वाटलं, आपल्या ओळखीचा माणूस एवढ्या मोठ्या कामाला निघालाय, काहीतरी करायला हवं. चार मराठी माणसं जमली की दुसरं काय सुचणार? सत्कार! रविवारी आमच्याच हॉलमध्ये. शाल आणायचं काम माझ्याकडे. नारळ एका काकूंनी लिटल इंडिया नावाच्या भारतीय दुकानातून मिळवला, त्यावर हळद-कुंकू लावलं. नागपूरचे एक काका अध्यक्ष. साहेब आणि त्यांची बायको दोघं आले, ती आता बोलायला लागली होती. काकांनी साहेबांच्या खांद्यावर शाल घातली, टाळ्या झाल्या, आणि आतून सोवळ्याने प्रसाद घेऊन येणारे मामंजी दारातच थबकले.

"अरे, डोकी फिरली का तुमची?" असे ओरडले की मुलं खेळायची थांबली. "निकालाआधी सत्कार? माझा केला होता असा, मतमोजणीच्या आदल्या दिवशी! आठवडाभर मला ती शाल कुठे ठेवू कळत नव्हतं." आणि भर सभेत पुढे होऊन त्यांनी साहेबांच्या खांद्यावरची शाल ओढून काढली. नारळही काढून घेतला. माझी मुलगी किंचाळली, "आजोबा, गिव्ह इट बॅक! दॅट्स सो रूड!" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काय चाललंय ते पाहुण्यांना इंग्रजीत कोण सांगणार? शेवटी मीच सांगितलं. साहेबांची बायको आधी खुदकन हसली आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली. कित्येक आठवड्यांत ती अशी हसली नव्हती, हे साहेबांच्या तोंडावर दिसत होतं. ते म्हणाले, "हेडमास्तर, मला भीती वाटते असं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही ती सगळ्यांसमोर खांद्यावरून काढूनच घेतलीत." शाल मग मामंजींनीच थंडीभर पांघरली. नारळाची बर्फी झाली.

निघताना साहेब आणि मामंजी अंगणात गाडीपाशी उभे राहून काहीतरी बोलत होते. मी भांडी आवरत होते. मामंजी आत आले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटत बसले. दुसऱ्या दिवशी मुलाला म्हणाले, "माझं तिकीट पुढे ढकल. निकाल लागेपर्यंत मी हलत नाही."

निवडणूक झाली. अमेरिकेतल्या पेपरात मामंजी रोज आतली पानं धुंडाळायचे आणि चिडायचे. "एका देशाचं भवितव्य ठरतंय आणि यांना बेसबॉलची पडलीय!" मग एका सकाळी ऑफिसमधून फोन आला. साहेब निवडून आले होते. थोडक्यात, पण आले होते. मी ओरडलेच. नवऱ्याने मला उचललं, मुलीला उचललं, मामंजींनाही उचलायला गेला, पण ते टोपी सावरत मागे सरले. "मी म्हटलं होतं पडणार," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "खरं बोलून निवडून आला की रे!" साठी उलटलेला तो माणूस लहान मुलासारखा चकित झाला होता. पुढे साहेबांच्या वाट्याला यशही आलं आणि दगडही आले, ते बाजूला राहू दे. त्या सकाळी आम्हाला वाटत होतं की जगात काहीही होऊ शकतं.

आनंद ओसरला आणि मी दिवस मोजायला लागले. निकाल लागला म्हणजे आता मामंजी जाणार. युनिव्हर्सिटीला उत्तर द्यायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. मी शिरा करायला घेतला आणि रवा भाजता भाजता मनात वाक्य जुळवत होते, आपण प्रवेश दिल्याबद्दल आभारी आहे, परंतु.

मामंजी स्वयंपाकघरात आले. आजवर ते ओट्यापाशी कधी उभे राहिले नव्हते.

"त्या दिवशी अंगणात डॉक्टरांनी मला एक प्रश्न विचारला," ते म्हणाले. "म्हणाले, हेडमास्तर, माझी एवढी तयारी करून घेतलीत, पण तुमच्या घरातल्या उमेदवाराचं काय? मी म्हटलं, आमच्या घरात कोण उमेदवार? मग त्यांनी सगळं सांगितलं. अगं, मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींना शिका शिका म्हणत आलो. तू मला का नाही सांगितलंस?"

 रवा करपायला लागला होता.

त्यांनी माझ्या हातातलं उलथणं काढून घेतलं आणि बावळटासारखं कढईत फिरवायला लागले. "मला तिकिटाबिकिटाचं काही सांगू नकोस. पीएच.डी.ला लागतील तेवढी वर्षं लागू देत," ते म्हणाले. "आधी हा गॅस कसा बंद करतात ते दाखव. आणि पोरीला भात मऊ लागतो का मोकळा?"