‘आल्तो’ म्हटलं की चढणारं खेचर

वेनान्सिओकाकांबद्दल मला फारसं माहीत नाही. आमची खळी शेजारी-शेजारी होती, एवढाच संबंध. ते कोणाला मत देत, चर्चमध्ये नेहमी मागच्या बाकावरच का बसत, हे मी कधी विचारलं नाही. त्यांच्यावर लिहायचा हक्क खरं तर प्राक्सेदेसकाकूंचा. पण त्या गेल्या, आणि खेचराची गोष्ट डोळ्यांनी पाहिलेला आता बहुधा मीच उरलो आहे.

एकोणीसशे छत्तीस सालचा जुलै, स्पेनमध्ये यादवी युद्ध नुकतंच पेटलेलं. गहू कापून खळ्यावर पसरलेला, आणि वर तोफांचा गडगडाट. घाटमाथा बंडवाल्या सैन्याने घेतला होता. तो परत मिळवायला माद्रिदहून सरकारच्या बाजूची माणसं ट्रक भरभरून आमच्या ग्वादार्रामा गावात उतरली होती. वेटर, गवंडी, ट्रामचे कंडक्टर. पाणी वाहायला म्हणून त्यांनी काकांचं खेचर नेलं. मादी होती ती, नाव मोरा. मोराशिवाय मळणी होणार नव्हती, आणि एखादा वळीव आला असता तर वर्षभराचं पोट त्यात वाहून गेलं असतं.

काका उठले, टोपीत मूठभर जव घेतले आणि वर निघाले. काकू मला म्हणाल्या, “एलादिओ, जा रे ह्यांच्याबरोबर. बंदूक रोखली तरी हे आधी हवापाणी विचारत बसतील.”

चढणीच्या मध्यावर पोहोचलो, तर माद्रिदची ती माणसं दगडांआड कपाळाला हात लावून बसलेली. मोरा पाठीवर दोन पखाली घेऊन सरळ शत्रूकडे निघाली होती. त्यांचा पुढारी, एक जाडजूड कंडक्टर, घसा फोडून ओरडत होता, “आल्तो! आल्तो!” आणि दर हाकेला ती जास्तच झपझप चढत होती.

‘आल्तो’ म्हणजे थांब. पण आल्तो म्हणजे माथासुद्धा. काका रोज सकाळी लाकडं आणायला तिला “आल्तो!” म्हणूनच वर हाकत. खेचर थांबवायला आमच्या गावात ‘सो’ म्हणतात.

“म्हातारबा, तुमचं जनावर फितूर आहे!”

“फितूर कसलं? तुम्हीच तिला वर जा म्हणताय.”

“मी थांब म्हणतोय!”

“ते ट्रामला म्हणा, साहेब.”

असं म्हणून काका उघड्यावर गेले. त्या उतारावर तोवर बरीच माणसं गोळ्या लागून पडली होती. “सोऽऽ, मोरा, सोऽऽ!” ती थांबली. गोळ्याही थांबल्या. काकांनी तिला जव चारले आणि वळवलं, तोच वरून पहारेकरी ओरडला, “आल्तो! कोण आहे?”

मोरा गर्रकन वळली.

“आल्तो!” खालून कंडक्टर किंचाळला. ती धावायलाच लागली. काका लगामाला लोंबकळत फरफटले, कसेबसे उभे राहिले आणि दोन्हीकडे हात नाचवत ओरडले, “अहो, तो शब्द काढू नका! लढा, मरा, काय हवं ते करा, पण तो शब्द नको! माझा गहू पडलाय खळ्यावर!”

वर कोणीतरी फिसकन हसलं. मग खालीही.

“जाऊ द्या रे त्यांना!” वरून आवाज आला. बोलण्यावरून खेड्यातलाच वाटला. “पण आजोबा, पाणी ठेवून जा!”

“एक पखाल घ्या. दुसरी ह्यांची आहे.”

काका खाली आले तेव्हा कंडक्टर लालबुंद झाला होता. “शत्रूला पाणी पाजलंत!”

“अर्धं परत आणलं की. तुम्ही तर सगळंच पाठवत होता.”

“न्या ते जनावर माझ्यासमोरून!”

काकांना तेवढंच हवं होतं. त्याच दुपारी त्यांनी मळणी सुरू केली. पाखडून, माझी चाळणी मागून नेऊन गहू चाळून पोती भरली, आणि तोफगोळे गावापर्यंत यायला लागले. गाव सोडावं लागलं. त्यांचा रस्ता काकूंच्या माहेरचा, माझा माद्रिदचा. फाट्यावर मी विचारलं, “काका, गहू कसा निघाला?”

“बरा आहे. तुझ्या चाळणीला मात्र भोक पडलंय.”

“कुठं?”

“कडेला. शिवून घे.”