वेसाव्याचे निवडक बांगडे

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात एका शनिवारी भांडुपच्या चाळीतील एक इसम, वय अठ्ठेचाळीस, धर्मपत्नीचा सल्ला धुडकावून, बांगड्यांची पोटं उघडण्याच्या राष्ट्रीय कार्यासाठी वेसाव्यास (म्हणजे वर्सोव्यास) रवाना झाला. तो इसम मी.

खरं कार्य माझ्या भाचीचं, सुलभाचं. मालवणची पोर, आमच्याकडे राहून माशांवर पीएच.डी. करत होती. दर महिन्याला वेसाव्याच्या बंदरावरून तीस बांगडे घ्यायचे, तिच्या संस्थेत नेऊन लांबी मोजायची, पोट उघडून गाभोळी (अंड्यांची पिशवी) धरली आहे का ते बघायचं. बांगडा केवढा झाला की अंडी घालतो, आणि त्याआधीच किती पिल्लं जाळ्यात मरतात, हा तिचा प्रश्न. आठ महिन्यांच्या नोंदी सांगत होत्या की, वेसाव्याच्या जाळ्यात पिल्लं येतच नाहीत. तिचे सर खूश होते. पुढच्या महिन्यात परिषदेत निबंध वाचायचा होता.

आरे कॉलनीच्या रानातून बस निघाली तेव्हा गोठ्यांवर अजून धुकट उजेड होता. कंडक्टरने आमच्या डब्याला पायाने ढोसलं.

"काय आहे यात?"

"आत्ता बर्फ. येताना विज्ञान."

"विज्ञानाला वास येतो काय?"

"भरपूर."

"मग येताना दुसरी बस पकडा."

ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून मी सुलभाला रोजच्यापेक्षा तासभर आधी बाहेर काढलं होतं. तेवढ्यानेच सगळा घोटाळा उघडकीला आला. बंदरावर बांबूंवर बोंबील वाळत होते, होड्या रिकाम्या होत होत्या, आणि हिराबाई, सुलभाची दर महिन्याची कोळीण, बांगड्यांच्या ढिगासमोर बसली होती. एकेक उचलायची, कल्ला उघडायची, पोट दाबायची. लठ्ठ तो उजवीकडच्या टोपलीत, बारीक तो डावीकडे फेकून.

"ही कोणाची?" सुलभाने उजवी टोपली दाखवली.

"तुझी गो. आज लवकर आयलीस?"

"मावशी, दर खेपेला अशीच निवडून देता?"

"मंग? पोर शिकते, मोठ्या साहेबाला दाखवते. बारकी देऊन माझी अब्रू घालवू?"

सुलभा ओल्या फरशीवर बसून टाकलेले मासे चाळू लागली. डावीकडच्या ढिगात बोटभर पिल्लं चमकत होती. आठ महिने तिने समुद्र मोजला नव्हता, हिराबाईची माया मोजली होती.

मी हळूच म्हटलं, "सुले, कोणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना, मामा."

मग तिने हिराबाईला सांगितलं की, मासे न निवडता, ढिगातून हाताला येतील तसे हवेत. हिराबाई भडकली. "डोले मिटून मासली घेतात? मी सासरी आल्यापासून असा येडेपणा केला नाय." वाद वाढला. शेवटी तोडगा निघाला तो मला कामाला लावून: माझ्याच रुमालाने माझे डोळे बांधले, दोघींनी मासे पुन्हा एकत्र कालवले आणि मला ढिगासमोर बसवलं. शेजारणी धंदा सोडून जमल्या. "भटजी, मुहूर्त काढा," कोणीतरी ओरडली. मी एकेक बांगडा हात उंचावून काढत होतो, टाळ्या घेत होतो. एखादा किडमिडा हाती लागला की हिराबाई कळवळायची, "तो नको रे बाबा, तो ठेव," आणि सुलभा म्हणायची, "येऊ दे." तीसपैकी अर्ध्याहून जास्त पिल्लं निघाली.

मग जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी खाऊन आम्ही संस्थेत गेलो. हिराबाईही आली. आपल्या मासळीत खोट काय निघाली, ते तिला साहेबाच्या तोंडून ऐकायचं होतं.

सरांनी शांतपणे सगळं ऐकलं. म्हणाले, "अगं, आलेख इतका सुबक आलाय. निबंध वाचून टाक, पुढचं पुढे बघू. नाहीतर आणखी एक वर्ष जाईल."

"जाऊ दे, सर." सुलभाने वही उघडली आणि पानामागून पानावर आडवी रेघ मारत गेली. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा निघाल्या की पहिल्यापासून सुरुवात. एकही पान तिने सोडलं नाही.

संध्याकाळी आरेच्या रानातून परतताना सुलभा खिडकीशी बसून वहीची कोरी पानं मोजत होती. मी नोकरीत अर्धं आयुष्य सुबक अहवाल वर पाठवण्यात घालवलं, आणि सुबक ते खरं, असंच मानत आलो. त्या दिवशी प्रथमच लाज वाटली, आणि मजाही वाटली. कारण सर जेव्हा पुन्हा समजावत म्हणाले, "या जुन्या नोंदी कोण तपासायला येणार आहे?", तेव्हा त्यांना गप्प करणारं वाक्य आम्हा शिकलेल्यांपैकी कोणालाच सुचलं नाही. दारातून हिराबाई बोलून गेली:

"साहेब, शिळी मासली ताजी म्हनून आमी पन विकत नाय."