द्वारकाबाईंच्या हातची माळ

लासुर्ण्याच्या द्वारकाबाई चाळीस वर्षं देवीच्या कवड्यांच्या माळा ओवतात. तुळजापूरहून आणलेली प्रत्येक कवडी आधी गालाला लावायची. गार लागली तरच ती खरी. मग तिची पाठ दगडावर घासायची, आरपार भोक पडलं की दोरा घालायचा. एका माळेला चार दिवस जातात. कुणी घाई केली तर बाई त्याला दारातूनच वाटेला लावतात.

दोन वर्षांपूर्वी बारामतीच्या रणजितने दुकानासाठी त्यांच्या माळा नेल्या, त्यांचा फोटोही काढून नेला. माळेच्या पिशवीवर आपलं तोंड छापलेलं बघून बाई लाजल्या. पण तसली एक पिशवी त्यांनी देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला टांगली.

या नवरात्रात सणसरच्या छकुलीने पहिल्यांदाच गळ्यात माळ घातली, हातात जोगव्याची परडी घेतली. पाचव्या दिवशी गावातल्या आरतीत पोताच्या मशालीची ज्योत जवळ आली आणि माळेतल्या दोन कवड्या वितळून तिच्या गळ्याला चिकटल्या. पोरीच्या कातडीला फोड आले, आणि बाया कुजबुजल्या की हिचंच काहीतरी चुकलं असणार, देवी उगाच कोपत नाही. द्वारकाबाई पंचक्रोशीतल्या देवीच्या आराध्यांमधल्या सगळ्यात जाणत्या, निवाडा त्यांच्याकडे आला. त्यांनी छकुलीच्या हातातली माळेची पिशवी पाहिली, त्यावरचा आपला फोटो ओळखला, आणि माळेला हातसुद्धा लावला नाही.

"माझ्या हातची माळ जळत न्हाय. खोट तुझ्यात हाय."

छकुलीची परडी काढून घेतली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई सिंधुबाई लासुर्ण्याला आली आणि ती माळ बाईंच्या पुढ्यात टाकून गेली. बाईंनी सवयीने कवडी गालाला लावली. गार लागेना. वितळलेल्या कवडीला शेतातली ठिबकची नळी पेटवल्यावर येतो तसा वास येत होता. बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. देवीच्या गळ्यातलं लेणं प्लास्टिकचं करायला माणसाला लाज कशी वाटत नाही!

तशाच त्या एसटीने बारामतीला गेल्या. रणजितने मावशी मावशी करत खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत. देवीच्या फोटोपुढची उदबत्ती उचलून त्यांनी टांगलेल्या एका माळेला टेकवली. कवडीला भोक पडलं. मग आपल्या गळ्यातल्या कवडीला टेकवली. नुसती काजळी धरली, ती पदराने पुसून टाकली. गिऱ्हाइकं बघत राहिली. रणजितने हळू आवाजात समजूत घातली, की चार दिवसाला एक माळ करून दुकान चालत नाही, आणि लोकांना फरक कळतोय कुठे?

"कळत न्हाय म्हणूनच त्ये माझ्या तोंडाकडं बघून घेत्यात," बाई म्हणाल्या.

फोटोच्या पिशव्यांचा सगळा गठ्ठा त्यांनी काखेत मारला. रणजितला शिव्या घालणं सोपं होतं, त्या पोटभर घातल्याही. पण एसटीत बसल्यावर राग काही उतरेना, कारण पोरीवर ठपका रणजितने ठेवला नव्हता.

संध्याकाळच्या आरतीला सणसरात सगळ्या बायांसमोर त्यांनी छकुलीच्या हातात परडी दिली. आपल्या सासूची, चाळीस वर्षं गळ्यात वागवलेली माळ काढून फोडांना लागणार नाही अशी तिच्या गळ्यात घातली.

"खोट माझ्यात हुती," त्या म्हणाल्या. "न बघताच बोलले."

छकुलीने माळ नीट केली.

"काल बघायचं हुतं की, आजी," ती म्हणाली.