मास्तरांची टोपी

आटपाडीच्या शाळेत आमचे मास्तर दर शनिवारी एक प्रश्न घालत आणि पोरांना एकमेकांच्या टोप्या घालायला लावत. ज्याची टोपी डोक्यावर, त्याच्या बाजूनं बोलायचं. स्वतः खिडकीशी तपकीर ओढत उभे राहत. चूक की बरोबर, ते कधी म्हणाले नाहीत.

बेचाळीसच्या चळवळीनंतरची गोष्ट. माझे वडील पोलीस हवालदार, शेजारी बसणाऱ्या पोराचा थोरला भाऊ फरारी. प्रश्न होता, फरारी माणसाला भाकरी द्यावी का. माझी टोपी घालून तो उठला.

"माझा बा गस्तीला गेला की आई दाराकडंच बघत बसती. जेवत न्हाई."

आमच्या घरी तसंच होतं, पण हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्याच्या आईचंही तसंच असणार.

मला राहवेना. "मास्तर, तुमी कुणाच्या बाजूचे?"

त्यांनी आपली टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. ती पार डोळ्यांवर आली.

"बोल, मी कुणाचा?"

मी टोपी वर सारत राहिलो.

"सुचलं की सांग रं," म्हणाले.

परवा दोन्ही लेकांनी भांडताना मला विचारलं, तुम्ही कुणाच्या बाजूचे, तेव्हा माझा हात डोक्याकडं गेला. टोपी घालणं कधीच सुटलंय. उत्तर आता सुचतंय, पण सांगायला मास्तर नाहीत.