एका पुलावर दोन केबल

धाकट्या सुनेचं 'मोजपट्टी' हे नाव मीच ठेवलं. कपडे वाळत घालायची दोरी बांधायची, तर बाई आधी खिळ्यांचं चित्र काढणार, मग कमीत कमी दोरीत सगळे खिळे गाठणार. नोकरीही तसलीच! सतरा दवाखाने फोन-इंटरनेटच्या केबलने जोडायचे. केबल कमीत कमी लागावी, आणि एक तुटली तरी प्रत्येक दवाखान्याला दुसरी वाट उरावी. या अटी ती गणितात मांडते आणि संगणक सगळ्यात स्वस्त नकाशा शोधून देतो. माझी मजल त्रैराशिकापर्यंत, पण हे ऐकताना माझं जेवण गार होतं.

तर झालं असं, नकाशा मंजूर झाला, साहेबांनी शाबासकी दिली, सोमवारी खोदाई ठरली. शनिवारी दुपारी मुकादमाचा फोन. शेवटच्या दवाखान्याच्या दोन्ही केबल पुलावरून एकाच नळीतून नेऊ का, मेहनत वाचेल, असं तो खुशीत विचारत होता. सूनबाईंचा चहाचा कप हातातच राहिला. कागदावर वाटा दोन, पण तिथे नदीवर पूल एकच! तो वाहून गेला की दोन्ही केबल जाणार, आणि अडल्या वेळी तिथल्या नर्सने मोठ्या डॉक्टरांना विचारायचं कसं?

तिने नवी अट घातली, त्या पुलावरून एकच केबल. संगणक दळत बसला. दुसरी वाट टेकडीमागून, लांबची. मंजूर रकमेत बसली नाही, तर तो दवाखानाच यादीतून गळणार होता. ती नखं कुरतडत होती. मी तीन विनोद सांगितले. मुलगा म्हणाला, "बाबा, पुरे."

संध्याकाळी उत्तर आलं. केबल जिथे एकमेकींना जोडतात, ती एक पेटी नकाशावर शाळेतून टपाल कचेरीत हलवली, तर मंजूर रकमेत जेमतेम बसत होतं. आता चूक कबूल करायची. तिने उभ्यानेच साहेबांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं,

"बाकीचे पूल बघितलेस?"

"नाही, सर."

"मग आधी ते बघ. खोदाई नंतर."

रविवारी तिच्या स्कूटरवर मागे मी, मांडीवर नकाशा. नऊ पूल झाले. प्रत्येक पुलावर ती उतरायची, नकाशावर बोट फिरवायची, पुन्हा फिरवायची. शेवटच्या पुलावर बोट थांबलं.

"बाबा, तुम्हीही मोजा. इथून एकच जाते ना?"

मी चष्मा पुसून नकाशावर मोजली. एकच होती. तरी तिने मला दुसऱ्यांदा मोजायला लावलं.