मास्तरांची डबल बेल

मास्तर बोलायला सुरुवात करण्याआधी खिशातून तिकिटाचा जुना पंच काढायचे आणि समोर जे असेल त्यावर दोनदा वाजवायचे. टेबल असो, बाकड्याची पाठ असो, नाहीतर माझा खांदा. मग डावा डोळा बारीक करून विचारायचे, "डबल बेल झाली का?" आपण न्हाई म्हणायचं. "मग गाडी हितंच हाय की. कावून तोंड पाडून बसलाव?"

एसटीनं फिरलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. कंडक्टरनं दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की निघते. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात, आणि हे मास्तर अकरा वर्षं माझ्या गाडीवर होते. मी ड्रायव्हर. आता तुम्हीच सांगा, ड्रायव्हरला कंडक्टर दिसतो तरी कितीसा? आरशात, तोही अर्धा. मी त्यांना ओळखायला लागलो ते घंटेवरून. म्हातारं माणूस चढत असलं की त्यांची डबल बेल उशिरा यायची. कुणाशी हुज्जत झाली की घंटेचा आवाज इतका कडक यायचा की मीच दचकायचो. पण एकदा डबल बेल दिली की मागून कुणी कितीही हाका मारू द्या, तो विषय संपला. आणि दिली नाही तोवर, मी कितीही हॉर्न वाजवला तरी त्यांना त्याचं काही नसायचं.

या माणसाला हॉकीचं वेड होतं. बीड जिल्ह्यात हॉकीचं वेड म्हणजे काय, हे इथल्याच माणसाला कळेल. आमच्याकडे पोरं क्रिकेट खेळतात, थोडी कबड्डी खेळतात. तरुणपणी बीडला हॉकी खेळताना मास्तरांचा गुडघा गेला, आणि नोकरीभर ते उजवा पाय थोडा ओढत गाडीत तिकिटं फाडत राहिले. खेळ मात्र डोक्यातून गेला नाही.

दोघंही निवृत्त झालो तेव्हा वडवणीच्या पुढं, आमच्या गावाच्या फाट्यावर रशीदभाईंच्या हॉटेलात आमची बैठक बसायला लागली. हॉटेलात टीव्ही होता आणि त्यावर कायम क्रिकेट. मास्तरांनी वर्षभर रशीदभाईंचा पिच्छा पुरवून हॉकी लावायला लावली. सुरुवातीला आम्ही त्यांची गंमत बघायला बसायचो, मग कधी मॅच बघायला लागलो ते कळलंच नाही. आता आमच्या फाट्यावर पेनल्टी कॉर्नरवर वाद घालणारी माणसं आहेत. पंक्चरवाला आहे, शिंपी आहे, मी आहे. हॉकीची काठी आमच्यापैकी कुणीही हातात धरलेली नाही, पण देशाच्या कोचनं काय करायला पाहिजे होतं हे आम्हाला नेमकं माहीत असतं.

एकदा देशाची टीम दोन गोलांनी मागं पडली. आम्ही एकेक करून काढता पाय घेतला. कुणाला दळण आठवलं, कुणाला म्हैस. मी तर काही न सांगताच उठलो. सकाळी कळलं की आपण जिंकलो. फाट्यावर गेलो तर मास्तर कालच्याच जागेवर बसलेले. फक्त पंच काढला आणि माझ्या खांद्यावर दोनदा वाजवला. मला त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

नुसता टीव्ही बघून त्यांचं पोट भरणार नव्हतं. गावच्या शाळेत जाऊन त्यांनी मुलींची टीम उभी केली. मुलींचीच का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले की मुलं क्रिकेट सोडायला तयार नाहीत, आणि दुसरं म्हणजे आपल्या पोरींना वाकता येतं. हे दुसरं कारण मला तेव्हा कळलं नाही. आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीच्या सुमाराला ऊस तोडायला कारखान्यांवर जातात. ऊस बुडातून तोडावा लागतो, त्यासाठी कंबरेतून खाली वाकून दिवस काढावा लागतो. आईबापांबरोबर जाणाऱ्या मुली हे बघत, करत मोठ्या होतात. हॉकीत नवीन पोराला खाली वाकायला शिकवण्यात वर्ष जातं, आणि ते वर्ष आपलं वाचलं, असं मास्तर म्हणायचे. ते बोलताना हसायचे, पण त्यांना त्यात आनंद नव्हता, हे मला दिसायचं.

मोडक्या काठ्यांना सायकलची ट्यूब गुंडाळून त्या त्यांनी खेळण्याजोग्या केल्या. गोलकीपरच्या पायाला बांधायला भंगारवाल्याकडून जुन्या सीटचा फोम आणून पॅड शिवून घेतले. टीम तयार व्हायची आणि दिवाळीच्या तोंडावर अर्धी टीम ट्रकमध्ये बसून निघून जायची. मास्तर फाट्यावर उभे राहून हात करायचे. उन्हाळ्यात पोरी परत यायच्या तेव्हा काठी धरायचीसुद्धा विसरलेल्या असायच्या. पुन्हा पहिल्यापासून सुरू.

त्यात कोमल होती. आमच्या गावच्या ऊसतोड्या दादारावची थोरली, सातवीत टीममध्ये आलेली. वाऱ्यासारखी पळायची आणि चेंडू एकदा मिळाला की जन्मात कुणाला द्यायची नाही. तीन तीन जणींच्या गराड्यात शिरायची आणि चेंडू घालवून यायची. मास्तर तिला रागावले नाहीत. एवढंच म्हणायचे, "कोमल, एक पॅसेंजर घेऊन पळवायला ही काय जीप हाय का? गाडी भरून न्यायची असती." ती मान डोलवायची आणि पुन्हा एकटीच पळायची. असं दोन वर्षं चाललं.

गेल्या वर्षी आमच्या शाळेची टीम जिल्ह्याच्या फायनलला गेली. फाट्यावर नुसता गोंधळ. पण त्याच आठवड्यात दादारावनं सांगितलं की यंदा कोमल कारखान्यावर येणार. तिची आई आजारातून उठलेली, धाकटं पोर सांभाळायला आणि भाकरी करायला माणूस पाहिजे. शाळेच्या वसतिगृहात तिला ठेवा म्हणून मास्तर चार वेळा त्याच्या दारात गेले. चौथ्या वेळी दादाराव वैतागून म्हणाला, "फायनल जितली तर ठेवतो. हरली तर ट्रकमधी बसंल. आता पुन्यांदा ह्यो विषय नगं, मास्तर." मास्तरांनी हातावर हात मारून घेतला. वसतिगृहात राहिली तर दहावी होईल, खेळ राहील. ट्रकमध्ये बसली तर सहा महिने गेले, आणि गेलेली मुलगी पुन्हा शाळेत येतेच असं नाही. एका मॅचवर एवढं टांगून ठेवलं म्हणून मी मास्तरांना नावं ठेवली. ते म्हणाले, दुसरं काही टांगायला त्यानं खुंटी ठेवलीच नव्हती.

फायनल बीडला होती. गावातून टीम, मास्तर आणि आम्ही अकरा माणसं गेलो. त्यात दादारावही होता. समोर शहरातली शाळा. त्यांच्या मुलींचे बूट एकसारखे, मोजे एकसारखे. आमच्या मुलींच्या पायात जे असेल ते. मॅच उशिरा सुरू झाली आणि मध्यंतरापर्यंत आमच्यावर तीन गोल झाले. आमचा एकही नाही. कोमल प्रत्येक वेळी एकटीच पळत होती.

आता पुढं जे सांगतो ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. आमच्या गावाची मुक्कामी गाडी बीडहून पावणेसहाला सुटते. त्यानंतर गावाला गाडी नाही. मध्यंतरात कुणीतरी म्हणालं की टीमसाठी गाडीत जागा धरायला पाहिजे. हे एका माणसाचं काम. मी म्हणालो, मी जातो. पंक्चरवाला म्हणाला, मी पण येतो. शिंपी उठला, रशीदभाई उठले. अशी अकराच्या अकरा माणसं एक गाडी धरायला निघाली. मास्तरांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

स्टँड तिथून दहा मिनिटांवर. गाडी लागलेली होती. आम्ही खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या, काय मिळेल ते टाकून पंचवीसेक जागा धरल्या आणि आत जाऊन बसलो. गाडीची कंडक्टर म्हणजे मास्तरांच्याच हाताखाली तयार झालेली मुलगी. तिनं विचारलं, सायब कुठंत? मी म्हणालो, मैदानावर. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीबाहेर बघायला लागलो. शेजारी दादाराव. हातातला रुमाल पिळत होता. मग म्हणाला, "डायवर, म्या रागात बोल्लो होतो. पर आता बोल्लो तर बोल्लो. पोरीला काय तोंड दाखवू?" तेव्हा मला समजलं की या सगळ्यात तिला ट्रकमध्ये बसवायची इच्छा कुणाचीच नव्हती, त्याचीसुद्धा.

इतक्यात माझा फोन वाजला. मास्तर होते.

"तीन-दोन झालेत. कुठं हाव?"

"गाडी धरलीय," मी म्हणालो.

"गाडीला काय पाय फुटलेत? डबल बेल झालेली न्हाई, डायवर." आणि फोन ठेवला.

सगळ्यांच्या आधी दादाराव उतरला. सीटवर रुमाल तसाच टाकून. मग आम्ही. साठीतले गुडघे घेऊन अकरा माणसं बीडच्या रस्त्यावरून पळताना लोकांनी बघितली, कुणीतरी विचारलंही की कुठं आग लागलीय का. मैदानाची भिंत आली आणि पलीकडून आरडाओरडा ऐकू आला. तो तिसरा गोल होता. पेनल्टी कॉर्नरवर कोमलनं जमिनीलगत मारलेला. चारातले तीन गोल मी बघितलेले नाहीत, हे मी इथं लिहून ठेवतो, कारण फाट्यावर आता सगळेच सांगतात की आम्ही चारही बघितले.

चौथा मात्र बघितला. शेवटची दोन मिनिटं राहिली होती. कोमलला मधोमध चेंडू मिळाला आणि ती निघाली. एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं. समोर फक्त गोलकीपर, आणि ती गोल सोडून पुढं आलेली. दादाराव माझा दंड धरून उभा होता, त्याची बोटं रुतत होती. मी मास्तरांकडे बघितलं. त्यांच्या हातात पंच होता, पण ते वाजवत नव्हते. कोमलनं काठी उचलली. गोलकीपर खाली पडली. आणि पोरीनं मारलं नाही. डावीकडे आठवीतली एक बारकी मुलगी एकटी उभी होती, तिला हळूच चेंडू दिला. समोर गोल उघडा. त्या बारकीनं नुसती काठी टेकवली.

चार-तीन. दादाराव खाली बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. मीही रडलो, लपवत नाही. मास्तर रडले नाहीत. कोमल पळत त्यांच्याकडे आली, तर तिच्या डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "गाडी भरून आणली की गं."

आम्ही स्टँडवर आलो तेव्हा पावणेसहाला सहा मिनिटं कमी होती. आमचे रुमाल जागच्या जागी होते. एकाही पॅसेंजरनं जागा घेतली नव्हती, कंडक्टरनं घेऊ दिली नव्हती. मुली आत बसल्या, दारापासून मागच्या सीटपर्यंत गाणी सुरू झाली. घड्याळात पावणेसहा झाले तेव्हा कंडक्टर मास्तरांना म्हणाली, सायब, तुमी द्या. निवृत्त झाल्यापासून त्यांनी दोरीला हात लावला नव्हता. ते उठले, टोपी सरळ केली, गाडीभर एक नजर फिरवून माणसं मोजली. मग दोनदा ओढली. मी आयुष्यात पहिल्यांदा पॅसेंजरच्या सीटवर बसून त्यांची घंटा ऐकली, आणि पाय आपोआप क्लच शोधायला लागला.

त्या चौथ्या गोलावर फाट्यावर महिनाभर वाद चालला. पंक्चरवाल्याचं म्हणणं, कोमलनं स्वतःच मारायला पाहिजे होतं. दादारावलाही तेच वाटायचं. मास्तर ऐकून घ्यायचे. एक दिवस म्हणाले, तिसरा गोल कोमलनं केला, पण ती खेळाडू झाली चौथ्याला.

दिवाळीला ट्रक निघाला तेव्हा कोमल फाट्यावर मास्तरांशेजारी उभी राहून आईला हात करत होती. वर्ष कसं गेलं कळलं नाही. आता ती दहावीत आहे आणि विभागाच्या टीममध्ये तिचं नाव आलंय. पण टीममधल्या सात पोरी यंदाही ट्रकमध्ये बसल्या. मास्तरांनी या वेळी हात केला नाही. ते घरी गेले, ट्यूब गुंडाळलेल्या काठ्यांची मोळी बांधली, एसटीचा पास खिशात घातला आणि चौथ्या दिवशी पोरींच्या मागं कारखान्याकडे निघाले. गुडघ्याचं काय, असं मी विचारलं. म्हणाले, गुडघ्याला कुठं पळायचंय, पोरींना पळायचंय.

परवा दादारावचा फोन आला. मास्तर ऊसतोड्यांच्या तळावर पोचलेत. ऊस तुटून गेलेल्या वावरातलं पाचट उचलून, त्यानं आणि आणखी चार बाप्यांनी कोयत्यानं बुडखे छाटून मैदान केलंय. दिवस मावळायच्या आधी तासभर पोरी खेळतात. सातच्या तेरा झाल्यात, दुसऱ्या गावांच्याही यायला लागल्यात.

फाट्यावरचं मास्तरांचं बाकडं सध्या मोकळं असतं. म्हणजे अगदी मोकळं नाही. त्यांच्या जागेवर मी माझा रुमाल टाकून ठेवतो. काल एक परगावचा माणूस चहा प्यायला आला आणि रुमाल बाजूला सारून बसायला लागला. रशीदभाईंनी आतूनच त्याला थांबवलं.

"वो जागा सोडून बसा, पावणं. रुमाल दिसत न्हाई का? माणूस येणार हाय."