आईंनी निवडलेलं मांस

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. मांजराच्या जेवणाचा डबा आदल्या दिवशी फ्रीझरमधून खाली काढून ठेवायचा राहून गेला होता, आणि दगडासारखा गोठलेला तो डबा हातात धरून आता काय करावं याचा विचार करत होते. नर्स फार सावकाश, एकेक शब्द सुटा करून जर्मन बोलत होती, परक्या माणसाला समजावं म्हणून. मला पहिल्याच वाक्यात कळलं होतं, तरी मी तिला पूर्ण बोलू दिलं. मग "या... या, डांके", म्हणजे हो, धन्यवाद, एवढं म्हणाले आणि नवऱ्याला, अभयला, हाक मारली.

आई गेल्या होत्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यानंतरचे आठवडे कागदांत गेले. श्टांडेसआम्टला, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदणी कार्यालयाला, मृत्यूचा दाखला, व्हिसाच्या ऑफिसला तोच, विमा कंपनीला तोच. प्रत्येक टेबलावर त्यांचं नाव नव्याने सांगायचं, पद्मावती, एकेक अक्षर करून. शेवटी शेवटी तर ते नाव माझ्या कानाला कुणा दुसऱ्याचंच वाटायला लागलं. माणूस गेल्याचं दुःख करायला जो वेळ लागतो, तो या देशात संध्याकाळी ऑफिस सुटल्यावरच मिळतो, आणि तेव्हा अंगात त्राण नसतं. म्हणून हे आत्ता लिहिते आहे.

सासरे गेल्यावर त्या सांगलीजवळच्या आपल्या गावातून आमच्याकडे जर्मनीत, बॉनला आल्या. आमचं सासर जैन, शेतकरी. सूर्य मावळला की आईंचं जेवण बंद. कांदा, लसूण, बटाटा नाही. चालताना पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून नजर कायम खाली. मी रत्नागिरीची, माशांवर वाढलेली. लग्नानंतर घरात मांसमच्छी आणणं मी आपणहून सोडलं होतं, त्यामुळे कधी वाद झाला नाही. त्यांची पंचाईत झाली ती इथल्या सूर्यामुळे. डिसेंबरात चार वाजता जेवून घ्यायच्या आणि जूनमध्ये रात्री नऊलासुद्धा खिडकीतून ऊन दाखवून हसायच्या. "हा देव इथं जरा वेंधळाच हाय की गं, मेघा. घरी जायाचं ध्यानातच राहत न्हाई त्याच्या."

दिवसभर घरात त्या आणि मांजर, दोघीच. मांजर माझ्या मुलीचं, ईराचं. टियरहाइममधून, म्हणजे बेवारस जनावरांच्या आश्रमातून, आणलेली पांढरी मांजरी. तिचं नाव फ्लोके, म्हणजे बर्फाचा कण. आईंनी पहिल्याच दिवशी तिचं फुलके केलं. ईराला मराठी कळतं पण ती उत्तर जर्मनमध्येच देते, आणि आईंना जर्मन येत नव्हतं. दोघी एकमेकींशी मांजरामार्फत बोलायच्या. एक मराठीत तिला रागे भरायची, दुसरी जर्मनमध्ये तिची बाजू घ्यायची. त्यांचं बरं चाललं होतं.

मग फुलकेला खाज सुटली. मान खाजवून खाजवून केस गेले, खाली कातडी लाल, ओली. पोट बिघडलेलं ते वेगळंच. औषधं झाली, तयार खाणं बदलून झालं. जनावरांच्या डॉक्टरने शेवटी सांगितलं की तिला नेहमीच्या मांसाची ॲलर्जी आहे, कोंबडी आणि गाय दोन्ही बंद. जे तिने आयुष्यात कधी खाल्लं नाही अशा एकाच प्राण्याचं मांस द्या. ॲलर्जीचं तयार खाणं फुलके नुसतं हुंगून निघून जायची, शिजवलेलंही खाईना. राहिलं कच्चं. इथे त्या आहाराला बार्फ म्हणतात. पण नुसते मांसाचे तुकडे टाकून भागत नाही, हे डॉक्टरने बजावलं. कलेजी थोडीच, हृदय हवं, त्यात मांजराला लागणारं टॉरिन असतं. हाडाऐवजी कॅल्शियमची पूड, बेताची चरबी. डुकराचं कच्चं मांस मुळीच नाही, त्यातल्या एका विषाणूने मांजर मरू शकतं.

मी घरी येऊन हे सगळं सांगितलं आणि कोट न काढताच सोफ्यावर बसले. ऑफिसात त्या महिन्यात आमच्या टीममधली निम्मी माणसं कमी केली होती. अभय दूर रेगेन्सबर्गच्या कामावर, फक्त शनिवार-रविवारी घरी. आता त्यात हे. ईरा दाराशी उभी राहून रडत होती. मी म्हणाले, "बघू... तिला परत देऊन टाकू या का?"

आईंनी ईराला जवळ ओढलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघताना त्या दारात आल्या. "कुठले कुठले प्राणी चालतील म्हणाली डॉक्टर?"

"ससा, हरीण, घोडा... असं काहीबाही. का हो आई?"

"ससा किती दिवस पुरंल?"

मला कळेना. म्हणाले, दोन-चार दिवस.

"आन् घोडा?"

मी थांबले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, फुलकेच्या मानेकडे बघत होत्या. "सशाचं म्हणलं तर आठवड्याला दोन जीव जाणार. घोडा एक गेला की वर्ष निघंल तिचं. घ्यायचंच असंल तर थोरलं जनावर घ्यावं." आणि मग, माझी नजर चुकवून, "तू दमून येतीस. मी करीन."

मी नको म्हणाले. खरंच म्हणाले, पुन्हापुन्हा. त्यांनी ऐकलं नाही. त्या शनिवारी ईराने ओमाला, म्हणजे आजीला, ट्रामने नेलं. आमच्या ऱ्हाइनकाठी घोड्याच्या मांसाची जुनी दुकानं अजून एखाददुसरी उरली आहेत, इथले लोकही तिथे जरा मान खाली घालूनच शिरतात. त्या दुकानात नऊवारीवर माझा जुना हिवाळी कोट घातलेल्या आई उभ्या राहिल्या आणि ईराकरवी विचारत राहिल्या. घोडा कशाने गेला? म्हातारा होता का? दुकानदारीण बाईने सांगितलं की बहुतेक घोडे पाय अधू झालेले असतात, मालकाला सांभाळता येत नाहीत. मग रंग बघून, वास घेऊन, चरबी किती ते दाखवायला लावून त्यांनी मांस घेतलं. ईरा घरी येऊन मला जर्मनमध्ये म्हणाली, "ममा, ओमाने पूर्ण वेळ माझा हात धरून ठेवला होता. पण ती बाहेर नाही आली."

कापायचं काम त्या बाल्कनीत करायच्या. वेगळा पाट, वेगळी सुरी, रबरी हातमोजे, नाकाला पदर. थंडी असो की पाऊस, घरात ते उघडं आणू द्यायच्या नाहीत. तुकडे मोठे ठेवायच्या, म्हणजे मांजराचे दात चालतात. मग डबे भरून फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात, आणि लगेच डोक्यावरून आंघोळ. पहिल्या दिवशी आंघोळ करून त्या बाहेर आल्या आणि ईराला देवापाशी बोलावलं. पार्श्वनाथाची बोटभर मूर्ती त्यांनी माहेराहून सासरी आणि सासरहून इथे आणली होती. "आजपास्नं देवाला तू हात लावायचा. मी नुसतं लांबून बघीन." ईराने का म्हणून विचारलं नाही. तिने हात धुतले.

अभयला हे कळलं तेव्हा तो माझ्यावर भडकला. "माझी आई मांस कापते आणि तू चालवून घेतेस? एका मांजरापायी?" मी उत्तर देणार तोच आतून आई आल्या. "तिला बोलू नको. ते जनावर घरात आणलंय न्हवं आपण? मग उपाशी ठेवून मारायचं आन् वर आपण अहिंसा पाळतो म्हणायचं?" अभय खिडकीशी जाऊन उभा राहिला. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

गावाकडे मात्र निघाला. एकदा व्हिडिओ कॉलवर आईंच्या धाकट्या भावाला, अभयच्या मामांना, मागे बाल्कनीतला पाट दिसला. मामा व्रती, अहिंसेचं व्रत घेतलेला माणूस. "अक्का... तू?" एवढंच म्हणाले. आई म्हणाल्या, "मीच. दुसरं कोण हाय इथं?" मामांनी फोन ठेवला, आणि पुढे कित्येक महिने दर रविवारचा त्यांचा फोन आला नाही. रविवारी सकाळी आई टॅबलेट चार्ज करून, पुसून टेबलावर ठेवायच्या. दुपारी उचलून ठेवायच्या. मी म्हणायचे, तुम्ही लावा ना. "न्हाई. त्याचं चुकत न्हाई गं काही," म्हणायच्या.

फुलके सावरली. मानेवर आधी राखाडी लव आली, मग पांढरे केस. तोपर्यंत आईंचं हृदय थकत चाललं होतं. जिना चढताना मध्ये बसायच्या. डॉक्टर म्हणाले, जुनं दुखणं आहे. मी बाल्कनीतलं काम माझ्याकडे घेतलं, त्या दाराच्या काचेआडून बघत "बारीक करू नको" अशा खुणा करायच्या. हॉस्पिटलात दाखल झाल्यावरही मला पहिला प्रश्न तोच असायचा. "खाल्लं का तिनं?"

अंत्यविधी मामांनी फोनवर पाहिला. सगळं झाल्यावरही त्यांनी फोन ठेवला नाही. मग म्हणाले, "मांजर बरं हाय का?" अभयने मान डोलावली.

गेल्या शनिवारी डबे संपले म्हणून मी एकटीच त्या दुकानात गेले. ईराबरोबर एकदा मी आले होते, त्या ओळखीवर दुकानदारीण बाईने विचारलं, "आज आजी नाहीत?" मी सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली, ॲप्रनला हात पुसले आणि काउंटरवरून माझा हात धरला. मग मांस तोलता तोलता म्हणाली, "फार सभ्य होत्या हो. पुडकं हातात घेतलं की डोळे मिटून तुमच्या भाषेत काहीतरी म्हणायच्या. एकदाही चुकल्या नाहीत. शामा कार... असं काहीसं. म्हणजे 'डांके' ना?"

क्षमा कर.

"या," मी म्हणाले, "हो, साधारण तसंच."

"मला वाटलंच. मीही दर वेळी त्यांना म्हणायचे, गेर्न गेशेएन. आनंदाने केलं, त्यात काय एवढं." तिने पुडकं बांधून माझ्यापुढे केलं. मी ते घेतलं, तरी तिने दुसऱ्या टोकाचा हात काढला नाही. ती थांबली होती... आणि मला कळलं की ती ते दोन शब्द ऐकायला थांबली आहे.

मी म्हणाले, "क्षमा कर."

"गेर्न गेशेएन," ती म्हणाली.